आपत्तीसाठीचा सामायिक साठा: गोदाम सगळ्यांचं, पण किल्ली कोणाकडे?

टिपणवही (धागाकर्ता)

मोठा भूकंप झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विमानांतून तंबू, ब्लँकेटं, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं उतरताना दिसतात. इतक्या घाईत हजारो तंबू कोणी शिवून देत नाही. ते आधीच शिवून, गाठोडी बांधून, कुठल्यातरी विमानतळाशेजारी रचलेले असतात. या साठ्यांबद्दल इथे कधी चर्चा झाल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा. मी या क्षेत्रातला नाही, आवड म्हणून वाचत आलो आहे. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात परिचित व्यवस्था संयुक्त राष्ट्रांची. इटलीत ब्रिंडिसीला २००० पासून मदतसामानाचं आगार आहे, ते जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो. पुढे त्याचं जाळं दुबई, आक्रा, पनामा सिटी आणि मलेशियात सुबांगपर्यंत गेलं. वेगवेगळ्या संस्था आपला माल तिथे ठेवतात. माल ज्याचा त्याचा, पण उसनवारी चालते. समजा, एका संस्थेचे तंबू पनामात आहेत आणि दुसरीचे दुबईत. वादळ पनामाच्या बाजूला आलं तर दुसरी संस्था पहिलीचे तंबू उचलते आणि नंतर भरून देते. अर्ध्या जगावरून विमान आणायचा खर्च आणि वेळ, दोन्ही वाचतात.

आसियान देशांचा साठा डिसेंबर २०१२ पासून सुबांगलाच आहे. २०१९ मध्ये थायलंड आणि फिलिपिन्समध्ये त्याची उपगोदामं झाली. पैसा प्रामुख्याने जपानचा, आणि कारभार जाकार्तातल्या आसियानच्या आपत्ती समन्वय केंद्राकडे.

युरोपीय संघाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. तिथे २००१ पासून एकमेकांना मदत करायची यंत्रणा होती, पण ती ऐच्छिक. २०१७ मध्ये पोर्तुगालमध्ये जून आणि ऑक्टोबरमधल्या वणव्यांत शंभराहून जास्त माणसं गेली. विमानं मागितली तेव्हा शेजाऱ्यांचीही जंगलं पेटलेली होती. त्यातून २०१९ मध्ये 'रेस्कईयू' हा संघाचा स्वतःचा राखीव साठा आला. वर्षभरात कोविड. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस इटलीने त्याच ऐच्छिक यंत्रणेमार्फत मास्क मागितले, तर सुरुवातीला एकाही देशाने दिले नाहीत. जर्मनी आणि फ्रान्सने उलट स्वतःच्या मास्कच्या निर्यातीवर बंधनं घातली. १९ मार्चला संघाने वैद्यकीय सामानाचाही सामायिक साठा करायचं ठरवलं आणि तो ठेवायचं काम पहिल्यांदा रुमानियाने घेतलं.

आता माझा मुद्दा. सामान जमवणं हा यातला सोपा भाग आहे. ते कोणाच्या शब्दावर सुटणार, दोघांनी एकदम मागितलं तर आधी कोणाला, आणि रिकामं झालेलं कोण भरणार, हे आपत्तीच्या आधी लिहून सही झालेलं असेल तरच साठा सामायिक. नाहीतर एका छपराखाली ठेवलेलं वेगवेगळ्या मालकांचं सामान. रेस्कईयूत हे लिहिलेलं आहे: विमान किंवा माल ज्या देशात असेल त्याच्याशी आणि मागणाऱ्या देशाशी बोलून, पण निर्णय युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचा. एकाच वेळी अनेक मागण्या आल्या तरी निर्णय आयोगाचाच. इतर साठ्यांचं काय?

शंकासुर

छान माहिती, पण थोडा विरोधी सूर लावतो.

परदेशातून ब्लँकेटं उडवत आणायची हौस कशाला? जिथे बाजार चालू आहे तिथे लोकांच्या हातात पैसे द्या, ते शेजारच्या गावातून हवं ते आणतील. स्थानिक व्यापारीही उभा राहील. विमानातून उतरलेल्या सामानाचे फोटो बरे येतात, एवढाच त्याचा फायदा.

आणि बाहेरून येणारं सगळं कामाचंच असतं असंही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर आचेमध्ये वीस लाखांहून कमी लोकांसाठी सुमारे ४००० टन औषधं जाऊन पडली. त्यातली बरीचशी तिथल्या आवश्यक औषधांच्या यादीत नव्हती आणि कित्येकांवरची लेबलं तिथल्या डॉक्टरांना वाचता येणाऱ्या भाषेत नव्हती. ती नष्ट करायचा खर्च पुन्हा त्यांच्याच डोक्यावर.

गोदामवाला

शंकासुर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. आचेला गेली ती न मागता पाठवलेली दानं. ज्याच्या कपाटात जे होतं ते त्याने पाठवलं. राखीव साठा म्हणजे नेमका त्याच्यावरचा उपाय. मी मालवाहतुकीत आहे, अशा साठ्याचं काम जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साठ्यातली प्रत्येक वस्तू ठरलेल्या मापाची असते. रेड क्रॉसची ताडपत्री ४ मीटर बाय ६ मीटर, कडेला दोरी ओवायला जाड पट्टा. कोणत्याही कारखान्यातून आली तरी तीच. आरोग्य संचाचं एक प्रमाण ठरलंय: १०,००० लोकांना ३ महिने पुरेल इतकी औषधं आणि साधनं. त्यामुळे ४०,००० लोक विस्थापित झाले तर फोनवर 'चार संच' एवढंच बोलावं लागतं. टिपणवहींनी उसनवारीचं लिहिलंय ना, ती या सारखेपणामुळेच जमते. माझी ताडपत्री तुमच्यापेक्षा लहान असेल तर परत देताना भांडण ठरलेलं.

दुसरं म्हणजे मुदत. बाहेरच्या माणसाला वाटतं, गोदाम भरलं की काम झालं. क्लोरीनच्या गोळ्यांना मुदत असते, औषधांना असते, बिस्किटांना असते. रबरी वॉशर कडक होतात. जनरेटर वर्षभर चालवला नाही तर ऐन वेळी चालू होईलच असं नाही, आणि बॅटऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे नियम एकच: ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. पण आपत्तीच आली नाही तर बाहेर काढायचं कुठे? म्हणून चांगल्या साठ्याला रोजच्या वापराची एक वाट जोडलेली असावी लागते, म्हणजे चालू कार्यक्रमांतून माल फिरता राहतो. जिथे ती वाट नाही तिथे माल जाळावा लागतो. २०२५ च्या जुलैत दुबईच्या गोदामात अमेरिकेच्या मदतखात्याची सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं मुदतीपर्यंत पडून राहिली आणि नष्ट करायचा हुकूम निघाला. माल चांगला होता, जागा चांगली होती. तो हलवायचा अधिकार असलेलं खातंच वॉशिंग्टनमध्ये मोडीत निघालं होतं. म्हणजे धागाकर्त्यांचा किल्लीचा मुद्दा.

रोख पैशांबद्दल: बाजार चालू असेल तर सहमत. पहिल्या आठवड्यात पूल वाहून गेलेल्या बेटावर नोटा घेऊन काय करणार?

निळाई

वाचते आहे. गोदामवाला, तुमचा प्रतिसाद फार उपयोगी.

एक शंका: सगळाच माल खरोखर रचून ठेवावा लागतो का? पुरवठादाराशी आधी करार करून ठेवला आणि गरज पडली की त्याने द्यायचं, असं नाही का चालत?

गोदामवाला

चालतं की. ब्लँकेटं, बादल्या, साबण यांच्यासाठी तेच बरं. पुरवठादार नेहमीच्या साठ्यातला काही भाग तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, मुदतीची काळजी त्याची. मात्र जगभर एकदम मागणी वाढली की हा करार किती टिकतो ते २०२० मध्ये मास्कवाल्यांनी दाखवलंच. ज्या वस्तूचे दोन-तीनच उत्पादक आहेत ती स्वतःच्या कुलपात हवी.

सागरगोटा

हा धागा तंबू-ब्लँकेटांच्या पुढे न्यायला हवा. माझ्या मते सामायिक साठ्याची सगळ्यात चोख उदाहरणं समुद्रात आहेत. थोडं लांबेल, पण राहवत नाही.

पाणबुडी बुडाली तर आतल्या माणसांकडे वेळ फार थोडा असतो आणि खोल पाण्यात जाऊन त्यांना काढणारी यानं जगात मोजकीच. प्रत्येक नौदलाने असं यान बाळगायचं म्हटलं तर परवडणार नाही. १२ ऑगस्ट २००० ला रशियाची 'कुर्स्क' बॅरंट्स समुद्रात बुडाली. परकीय मदत स्वीकारायला रशियाने चार दिवस घेतले. शेवटी नॉर्वेच्या गोताखोरांनी झडप उघडली तेव्हा आत पाणी होतं. ११८ जण गेले. बहुतेक जण स्फोटातच गेले होते, पण मागच्या भागात काही जण त्यानंतरही काही काळ जिवंत होते.

त्यानंतर २००३ मध्ये पाणबुडी बचावाचं एक आंतरराष्ट्रीय संपर्क कार्यालय झालं. त्याच्याकडे स्वतःचं एकही यान नाही! कोणाचं यान कुठे आहे, ते न्यायला कोणतं विमान लागेल, कोणत्या बंदरात कोणतं जहाज मोकळं आहे, एवढीच माहिती ते जोडून ठेवतं. ऑगस्ट २००५ मध्ये कामचात्काजवळ रशियाचं एएस-२८ हे छोटं पाणबुडीयान सुमारे १९० मीटर खोलीवर जाळ्यात आणि तारांत अडकलं, आत सात जण. या वेळी रशियाने लगेच मदत मागितली. ब्रिटनचं 'स्कॉर्पिओ' हे दूरनियंत्रित यान विमानाने गेलं, त्याने जाळी कापली आणि सातही जण जिवंत वर आले. पाच वर्षांत बदललं काय? यानं जवळपास तीच होती. मागायची लाज गेली होती आणि फोन कोणाला करायचा ते ठाऊक होतं.

अजून एक बारकावा. पाणबुडीच्या सुटकेच्या झडपेभोवतीची बैठक अनेक नौदलांनी एकाच मापाची ठेवली आहे, म्हणजे दुसऱ्या देशाचं यान तिच्यावर घट्ट बसतं. ब्रिटन, फ्रान्स आणि नॉर्वे तर एकच बचाव यंत्रणा तिघांत मिळून वापरतात, ती स्कॉटलंडमध्ये फास्लेनला असते.

तेलाचंही तसंच. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात विहीर ८७ दिवस वाहत राहिली, कारण तिच्या तोंडावर बसवायचं अवजड टोपण तयार नव्हतं, ते तिथल्या तिथे घडवत बसावं लागलं. नंतर तेल कंपन्यांनी मिळून अशी टोपणं करून नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर इथे ठेवली. जोडीला तवंग विरघळवणाऱ्या रसायनाचा ५००० घनमीटर साठा जगभर विभागून ठेवला. एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या! दुसऱ्याची विहीर फुटली की बंदी सगळ्यांवर येते, हे कळल्यावर शहाणपण आपोआप आलं.

चिमटा

सागरगोटा, झकास. 'माप जुळणं' यावरून १९०४ ची बाल्टिमोरची आग आठवली. वॉशिंग्टनहून बंब वेळेत पोचले, माणसं तयार, पाणी आहे, आणि होजपाइपची जोडणी हायड्रंटला बसेना. १५०० हून जास्त इमारती जळाल्या.

आजही युरोपात जर्मनीची जोडणी वेगळी, फ्रान्सची वेगळी, इटली आणि स्पेनची आणखी वेगळी. परदेशी वणव्यावर जाणारी पथकं मधले जोडतुकडे सोबत नेतात. विमानं, उपग्रह, समन्वय केंद्र वगैरे सगळं झाल्यावर शेवटी मुठीएवढा धातूचा तुकडा हवा.

विद्युल्लता

विजेच्या बाबतीत हा प्रश्न मुठीएवढा राहत नाही, घराएवढा होतो.

युक्रेनच्या वीजजाळ्यावर २०२२ पासून हल्ले झाले, तेव्हा जनरेटर पाठवणं सोपं होतं आणि ते पोलंडमधल्या साठ्यातून भराभर गेले. खरी गरज मोठ्या ट्रान्सफॉर्मरची होती. तिथलं जाळं सोव्हिएत काळातलं, ७५०, ३३० आणि ११० किलोव्होल्टचं. पश्चिम युरोपात ४०० आणि २२० चालतं. जर्मनीकडे सुटा ट्रान्सफॉर्मर असला तरी तो तिथे उपयोगाचा नाही. कामाला आला लिथुआनिया, कारण त्यांच्याकडेही ३३० किलोव्होल्टची जुनी व्यवस्था होती. मोठा ट्रान्सफॉर्मर नवीन मागवला तर वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तो रस्त्याने न्यायचा तर पूल त्याचं वजन पेलतील का हे आधी तपासावं लागतं.

म्हणून मला वाटतं, कोणत्या यंत्रणा कोणाशी जुळतात याची यादी शांततेत करून ठेवणं हाही एक राखीव साठाच आहे. सागरगोटांच्या त्या कार्यालयासारखा. मात्र कोणता देश आपल्या वीजजाळ्याचा असा तपशील दुसऱ्याच्या हातात देईल, हा वेगळा प्रश्न.

डॉ_जागता_पहारा

उशिरा आलो. धागाकर्त्यांनी 'इतर साठ्यांचं काय' असं विचारलंय. कोणाला आधी द्यायचं, याचा लेखी नियम सगळ्यात जास्त कसोटीला लागला तो लशींच्या साठ्यात.

१९९५-९६ मध्ये आफ्रिकेत मेंदूज्वराची मोठी साथ आली आणि लस पुरेना. त्यानंतर १९९७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समन्वय गट झाला. सदस्य चारच: जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस-रेड क्रेसंट महासंघ आणि 'मेदसँ साँ फ्रोंतियेर' ही डॉक्टरांची संघटना. एकही सरकार नाही, हे लक्षात घ्या. मेंदूज्वरानंतर पीतज्वर, २०१३ पासून कॉलरा आणि २०२१ मध्ये इबोला, असे साठे या गटाकडे आले. देशाने अर्ज करायचा. साथीचे आकडे, प्रयोगशाळेचा पुरावा, लस कुठे आणि कशी देणार याची योजना, शीतसाखळी आहे की नाही, हे सगळं जोडायचं. पूर्ण अर्ज आला की साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत निर्णय. देशाचं वजन किती, वर्गणी किती, हे विचारायचं नाही.

कॉलराच्या लशीने या नियमाचा घाम काढला. मागणी वाढत गेली आणि उत्पादक मोजून दोन. त्यातल्या हैदराबादच्या शांता बायोटेकने उत्पादन थांबवायचं ठरवलं, २०२३ च्या अखेरीस ते बंद झालं, म्हणजे बराच काळ जगाचा भार एका कोरियन कंपनीवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये गटाने ठरवलं की साथ असलेल्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा द्यायची. वैद्यकीयदृष्ट्या दोन मात्रा चांगल्या, संरक्षण जास्त काळ टिकतं. पण तीच लस दुप्पट लोकांपर्यंत न्यायची तर दुसरा मार्ग नव्हता. २०२४ मध्ये तर साठा शून्यावर आला, ऑक्टोबरच्या मध्याला एकही मात्रा शिल्लक नव्हती. तयार होईल तशी लस थेट रांगेतल्या पुढच्या देशाकडे जात होती.

अशा वेळी वाटपाचा नियम नसता तर काय झालं असतं, ते मास्कच्या प्रकरणात दिसलंच आहे. लस अपुरी पडली, पण ज्याच्याकडे पैसे जास्त त्याने उचलून नेली असं झालं नाही.

गोदामवालांच्या मुदतीच्या मुद्द्याला जोड: इबोला लशीच्या ५ लाख मात्रा स्वित्झर्लंडमध्ये उणे ६० ते उणे ८० अंशांत ठेवायचं ठरलं. साथी मात्र तुरळक आणि लहान. मग मुदत संपायच्या आत तीच लस आघाडीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आधीच टोचायची वाट काढली. सिएरा लिओनने डिसेंबर २०२४ मध्ये तशी मोहीम घेतली. तुम्ही म्हणता ती 'रोजच्या वापराची वाट' हीच.

शंकासुर

डॉक्टरसाहेब, मान्य. तुमचं उदाहरण भारी आहे. पण कुलपातून बाहेर पडलेला माल पोचतो का, ते बोलू या की.

नेपाळ, २५ एप्रिल २०१५. काठमांडूला मोठ्या विमानांसाठी धावपट्टी एकच. तिला तडे जाऊ लागले म्हणून ३ मे पासून १९६ टनांहून जड विमानांना उतरायला मनाई. खाली उतरलेला माल सीमाशुल्काच्या कागदांत अडकला, तो लवकर सोडा असं संयुक्त राष्ट्रांच्या मदतप्रमुखांना जाहीर सांगावं लागलं. हैती २०१० मध्येही एकच धावपट्टी, आणि फुगवून उभारायच्या रुग्णालयाचं सामान घेऊन आलेलं विमान उतरू न देता शेजारच्या देशात वळवलं. तिकडे माणसं ढिगाऱ्याखाली आणि इकडे रुग्णालय डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या समानाहून ट्रकने येतंय.

सामान नव्हतं म्हणून कुठे अडलं होतं?

वाऱ्यावरची_नोंद

शंकासुर, नेपाळचं अर्धंच सांगितलंत. त्याच विमानतळावर जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतसामान उतरवून वर्गवारी करायचं आवार बांधलं होतं आणि ते भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी पूर्ण झालं होतं. ते नसतं तर तुमच्या यादीत आणखी भर पडली असती.

विमानांचाही सामायिक साठा आहे, तो इथे कोणी लिहिला नाही. हंगेरीत पापा नावाच्या तळावर तीन सी-१७ मालवाहू विमानं आहेत. बारा देशांनी मिळून घेतलेली, त्यातल्या बहुतेकांना एकट्याने एकही परवडलं नसतं. हिस्सा विमानात नसून उड्डाणाच्या तासांत असतो: ज्याने जितके पैसे भरले तितके तास वर्षाला त्याचे. ते तास कशासाठी वापरायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. हैतीलाही ही विमानं गेली. वाटपाचं भांडणच नको म्हणून आधीच फोडी करून ठेवल्या, हाही एक मार्ग. तोटा उघड आहे, एका देशाचे तास संपले की त्याला दुसऱ्याची मनधरणी करावी लागते.

सीमाशुल्काबद्दल: १९९८ चा टांपेरे करार आहे. तो फक्त दूरसंचार उपकरणांपुरता आहे आणि लागू व्हायला २००५ उजाडलं. तोवर उपग्रह फोन घेऊन गेलेल्या मदतपथकाला आधी परवान्यासाठी खेटे घालायला लागू शकत होते. ब्लँकेटांसाठी इतका बंधनकारक जागतिक करार नाही. रेड क्रॉसच्या परिषदेने २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या, पण त्या प्रत्येक देशाने स्वतःच्या कायद्यात आणल्या तरच उपयोग.

आणि पोचवताना कोणकोणत्या अडचणी येतात याला सुमार नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ ज्वालामुखी फुटला. टोंगात तोवर कोविडचा शिरकाव जवळपास नव्हता आणि मदत घेऊन निघालेल्या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या जहाजावरच कोविडचे रुग्ण निघाले. शेवटी माल धक्क्यावर उतरवला, माणसाचा माणसाला स्पर्श न होऊ देता.

निळाई

पोर्तुगालच्या उदाहरणापाशी मी अडकले आहे. सामायिक साठ्यामागचं गणित विम्यासारखंच ना? सगळ्यांवर एकदम संकट येत नाही, म्हणून दहा जणांना मिळून तीन विमानं पुरतात. पण उन्हाळे लांबले आणि सगळीकडे एकाच महिन्यात जंगलं पेटायला लागली तर ते गणितच कोसळतं. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना माणसं आणि विमानं देतात ती दोघांचे ऋतू उलटे म्हणून. ते ऋतूच एकमेकांवर चढले तर?

टिपणवही

निळाई, नेमकं हेच. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगीवर क्युबेकची भाड्याने आणलेली विमानं लढत होती. कॅनडाला ती हिवाळ्यात लागत नाहीत म्हणून हे जमलं. (त्यातल्या एका विमानाला कोणा हौशी माणसाचा ड्रोन धडकला आणि ते काही दिवस जमिनीवर बसलं. असो.) युरोपने २०२४ च्या उन्हाळ्यासाठी २८ विमानं आणि ४ हेलिकॉप्टरं दहा देशांत ठेवली होती, पण तीही प्रामुख्याने सदस्य देशांकडूनच घेतलेली. शिवाय पाण्यावर उतरून टाकी भरणाऱ्या त्या पिवळ्या-लाल विमानांचं उत्पादन कित्येक वर्षं बंदच होतं. संघाने नवी बारा मागवली आहेत, पण अशी विमानं काही या मोसमात मागवली आणि पुढच्यात आली असं होत नाही.

साठ्याचा आकडा वाचताना मी आता एक प्रश्न नेहमी विचारतो: हे सामान खरोखर आहे, की 'आहे असं धरलंय'? आसियान आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया यांची मिळून तांदळाची आपत्कालीन राखीव व्यवस्था आहे. आकडा भव्य, ७,८७,००० टन. त्यात चीनचे ३ लाख, जपानचे २.५ लाख, कोरियाचे १.५ लाख आणि दहा आसियान देशांचे मिळून ८७ हजार. पण हा तांदूळ वेगळ्या कोठारात नाही. प्रत्येक देशाच्या स्वतःच्या साठ्यात, 'लागला तर एवढा देऊ' या वचनाच्या रूपात आहे. आपत्तीनंतर आजवर प्रत्यक्ष गेला तो बहुतेक दान म्हणून आधी ठेवलेला, या आकड्यापुढे अगदी किरकोळ. भाव भडकले आणि सगळ्यांनीच निर्यात रोखली तर हे वचन कितपत टिकेल, याची परीक्षा अजून झालेली नाही.

शंकासुर

बरं, एक शेवटचा खडा टाकतो. तुमचे सगळे नियम 'ज्याने मागितलं त्याला' इथून सुरू होतात. ज्याचं सरकार मागतच नाही त्याचं काय? कॉलरा जाहीर केला की व्यापार बसतो, पर्यटक पळतात, म्हणून 'तीव्र जुलाब' म्हणून वेळ मारून नेणारी सरकारं डॉक्टरसाहेबांना ठाऊक असतीलच.

डॉ_जागता_पहारा

ठाऊक आहेत. अर्जात प्रयोगशाळेचा पुरावा मागतो, त्यामुळे लपवणाऱ्याला साठ्यातून काही मिळत नाही. शिक्षा सरकारला व्हायला हवी, होते त्या गावाला. यावर उत्तर माझ्याकडे नाही.

सागरगोटा

कुर्स्क!

टिपणवही

शंकासुर, याचं सगळ्यात कठोर उदाहरण म्यानमारचं. मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळात इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनची जहाजं सामान घेऊन किनाऱ्याबाहेर उभी होती. लष्करी राजवटीने त्यांना येऊ दिलं नाही. फ्रान्सच्या 'मिस्त्राल'ने आपला सुमारे १००० टन माल शेवटी थायलंडमध्ये फुकेतला उतरवून जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हवाली केला. अमेरिकेची जहाजं जूनच्या सुरुवातीला निघून गेली.

दार थोडंफार उघडलं ते आसियानमुळे. म्यानमार, आसियान आणि संयुक्त राष्ट्रं असा तिघांचा गट बसला आणि त्याच्यामार्फत माणसं आणि माल आत गेला. माल तोच होता, फक्त देणारा हात शेजाऱ्याचा होता, युद्धनौकेचा नव्हता.

आसियानचा आपत्ती करार २००५ मध्येच झाला होता, पण लागू झाला नर्गिसनंतर, डिसेंबर २००९ मध्ये. सुबांगचं गोदाम त्याच करारातून उभं राहिलं. त्यातलं एक कलम मात्र तसंच आहे: बाधित देशाने विनंती केली किंवा संमती दिली तरच बाहेरची मदत. हे कलम नसतं तर म्यानमारने सही केली असती असं मला वाटत नाही.